तारीख नक्की कशी लिहायची? कॅटलॉग सुरू करायच्या आधी हे एकदा ठरवून टाका

पानशेत कधी फुटलं असं जुन्या पुणेकराला झोपेतून उठवून विचारा, बारा जुलै एकसष्ट असंच उत्तर येईल. आता हीच तारीख १२/७/६१ अशी एक्सेलमध्ये टाका, आणि लॅपटॉप जर कुणाच्या भाच्याने अमेरिकेतून आणलेला असेल आणि त्याचं सेटिंग कुणी बदललेलं नसेल, तर पूर येतो ७ डिसेंबरला, ऐन थंडीत. आमच्याकडे हे खरंच झालंय. पुराच्या फोटोंचा अख्खा अल्बम डिसेंबरात जाऊन बसला होता आणि दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, शेवटी एका आजोबांनी स्क्रीनकडे बघून विचारलं, काय हो, हे कुठलं पानशेत?

आमचं म्हणजे पेठेतलं एक छोटं वाचनालय. जुनी पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे वार्षिक अहवाल, लोकांनी आणून दिलेले फोटो अल्बम आणि एका ट्रंकेत थोडी मोडी पत्रं. चार जण बसून यादी करत होतो. बँकेतून रिटायर झालेले काका १२-०७-१९६१ लिहायचे, आयटीतली ताई १९६१-०७-१२, कॉलेजचा पोरगा १२ जुलै ६१, आणि मी मूड असेल तसं. पाचसातशे नोंदी झाल्यावर वर्षाप्रमाणे लावायला गेलो आणि जे काही समोर आलं ते बघून चहाच सांगितला सगळ्यांना. तर हे सगळं कसं निस्तरलं आणि तुम्ही सुरुवातीलाच काय ठरवून टाकायचं ते सांगतो. संग्रह लहान असो, घरचा असो, कॉलेजच्या लायब्ररीतला असो, पायऱ्या त्याच.

मेटाडेटा या शब्दाला घाबरू नका. जुन्या लायब्ररीत लाकडी ड्रॉवरमध्ये कार्डं असायची ना, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल, तेच ते. वस्तूबद्दलची माहिती. त्यातलं तारीख हे सगळ्यात छोटं आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारं खानं.

आधी भांडू नका, आधी गोळा करा

मीटिंग लावून 'कुठला फॉरमॅट चांगला' यावर चर्चा सुरू केलीत तर संध्याकाळ जाते आणि प्रत्येक जण स्वतःचाच फॉरमॅट घेऊन घरी जातो. आम्ही एकदा घालवलीय. त्यापेक्षा आधी संग्रहातल्या शंभरेक वस्तू घ्या, वेगवेगळ्या प्रकारच्या, आणि त्यांच्यावर तारीख जशी लिहिलीय तशी एका कागदावर उतरवा. आमच्या कागदावर काय काय आलं बघा: शके १८३२. सन १९१०-११. दिवाळी १९५८. जानेवारी-फेब्रुवारी १९५४ जोडअंक. फाल्गुन वद्य ३. आवृत्ती दुसरी, साल नाही. फोटोमागे पेन्सिलीने 'मुंजीच्या आधी'. आणि काही ठिकाणी तर काहीच नाही. हा कागद मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला की चर्चेचा रंगच बदलतो, कारण कळतं की दिवस आधी की वर्ष आधी हा प्रश्न सोपा आहे, पाच मिनिटांचा. खरा प्रश्न आहे की जेव्हा पूर्ण तारीख माहीतच नसते तेव्हा आपण सगळ्यांनी काय लिहायचं.

कशाची तारीख?

ही पायरी लोक गाळतात आणि मग नंतर रडतात. एकाच फोटोला चार तारखा असू शकतात. फोटो काढला तो दिवस, स्टुडिओने प्रिंट काढली तो दिवस, वाचनालयाला भेट मिळाला तो दिवस आणि आपण स्कॅन केला तो दिवस. पुस्तकाचं तसंच, पहिली आवृत्ती, हातातली आवृत्ती, दाखल नोंद. डब्लिन कोअर म्हणून जी पंधरा मूळ खान्यांची पद्धत जगभर वापरतात त्यात 'डेट' असं एकच खानं आहे, पण तिच्याच वाढीव यादीत 'क्रिएटेड', 'इश्यूड' अशी वेगळी खानी मिळतात, आणि मजकूर ज्या काळाबद्दल आहे तो 'टेम्पोरल' मध्ये जातो. हे शेवटचं महत्त्वाचं. पानिपतावर १९६५ साली छापलेलं पुस्तक असेल तर तारीख १९६५, पानिपत हा विषयाचा काळ. आमच्या यादीत एक चोपडं १७६१ सालचं म्हणून लागलं होतं, ऑफसेट छपाईचं.

आम्ही ठरवलं, मुख्य तारीख एकच, पुस्तक-अंकांना हातातल्या प्रतीची प्रकाशनाची आणि फोटो-पत्रांना ती वस्तू तयार झाली त्याची. बाकीच्या हव्या असतील तर वेगळ्या कॉलममध्ये. आणि फाइलची तारीख, म्हणजे विंडोजमध्ये राइट क्लिक करून दिसते ती, तिला हातसुद्धा लावायचा नाही, ती फक्त स्कॅन कधी झालं किंवा फाइल कधी कॉपी झाली एवढंच सांगते.

दोन कॉलम, एक मशीनला आणि एक माणसाला

लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. पहिला कॉलम 'जसं लिहिलंय तसं'. वस्तूवर 'शके १८३२' असेल तर शके १८३२, 'दिवाळी १९५८' असेल तर तेच, मराठी आकडे असतील तर मराठी आकडे, स्पेलिंग चुकलेलं असेल तर चुकलेलंच. इथे कुणी शहाणपणा करायचा नाही. दुसरा कॉलम 'मशीनची तारीख', त्यात एकच ठरलेली पद्धत. नंतर कुणाला शंका आली की आपण शक्याचं साल बरोबर बदललं का, तर मूळ शब्द शेजारीच असतात. बँकेतल्या काकांचा विरोध इथेच मावळला, कारण त्यांचं म्हणणं होतं की कागदावर आहे ते बदलायचं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं.

लायब्ररीत कोहा हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर मार्कमध्ये, म्हणजे लायब्ररीच्या नोंदी मशीनसाठी लिहायच्या ठरलेल्या पद्धतीत, ही दोन खान्यांची सोय आधीपासून आहे, २६४ च्या सी उपखान्यात छापलेलं जसंच्या तसं जातं आणि ००८ मध्ये मशीनसाठी चार आकडी साल, साल पूर्ण माहीत नसेल तर नसलेल्या आकड्यांच्या जागी यू. डिजिटल संग्रहासाठीच्या डीस्पेस सॉफ्टवेअरमध्ये मात्र 'डेट इश्यूड' एकच असतं म्हणून मूळ मजकुरासाठी एक खानं आपलं आपण वाढवून घ्यावं लागतं.

मशीनच्या कॉलमचा फॉरमॅट

वर्ष-महिना-दिवस. वर्ष चार आकडी, महिना दोन आकडी, दिवस दोन आकडी, मध्ये साधी छोटी रेघ. १९६१-०७-१२. हा आयएसओ ८६०१, म्हणजे तारीख लिहायचा आंतरराष्ट्रीय नियम, पहिल्यांदा १९८८ साली आला, आणि याच्यावर वाद घालण्यात खरंच काही अर्थ नाही कारण त्याचा एक फायदा बाकी कुठल्याच पद्धतीत नाही: हा नुसता मजकूर म्हणून वर-खाली लावला तरी आपोआप काळाच्या क्रमाने लागतो. दिवस आधी लिहिलात तर वेगवेगळ्या वर्षांच्या सगळ्या एक तारखा एकत्र येऊन बसतात. शून्य विसरायचं नाही, ७ नाही तर ०७, नाहीतर ऑक्टोबर जुलैच्या आधी येतो.

इथे मी मराठी आकडे छापतोय पण शीटमधल्या मशीनच्या कॉलममध्ये इंग्रजी आकडेच टाका. मला पण आधी वाईट वाटलं होतं. पण बरीचशी सॉफ्टवेअर मराठी आकड्यांना तारीख मानत नाहीत, आणि अर्ध्या नोंदी मराठीत अर्ध्या इंग्रजीत असल्या की क्रम लावताना त्यांचे दोन वेगळे ढीग पडतात. हातानं लिहिलेल्या रजिस्टरवरून टाइप करताना तर डोळ्यात तेल घालून बघा, मराठी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठासारखा, आणि एकाच रजिस्टरमध्ये दोन क्लार्कनी दोन लिप्यांत आकडे लिहिलेले असले की १९१४ चं काय होईल ते तुम्हीच करून बघा.

माहीत नाही तिथे थांबायचं

आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. कारण माहितीच आहे, शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नव्हती, मास्तरांनी १ जून लावून टाकली. तारखेचं खानं भरलं, माणूस पहिलीत बसला, आणि आता सत्तर वर्षांनी नातवंडं केक आणतात.

कॅटलॉगमध्ये आपण नेमकं हेच करतो. पुस्तकावर फक्त १९३२ असतं, सॉफ्टवेअर पूर्ण तारीख मागतं, आणि आपण १९३२-०१-०१ टाकून मोकळे होतो. मग पाच वर्षांनी कुणी अभ्यासक बघतो आणि त्याला वाटतं वा, पुस्तक वर्षाच्या पहिल्याच दिवशी निघालं. खरी १ जानेवारी आणि मास्तरांनी लावलेली १ जानेवारी यातला फरक मग कुणीही सांगू शकत नाही, तुम्ही स्वतःसुद्धा.

आयएसओत अर्धवट तारीख चालते. १९३२ एवढंच लिहा. महिना माहीत असेल तर १९३२-०८ आणि तिथेच थांबा. जेवढं माहीत तेवढंच. सॉफ्टवेअरचं खानं ऐकत नसेल तर ते खानं तारखेचं न ठेवता साध्या मजकुराचं करून घ्या, पण खोटा दिवस टाकू नका. आमच्या नियमांच्या कागदावर हा पहिला नियम आहे आणि त्याला आम्ही 'एक जून बंदी' म्हणतो.

शंकेच्या खुणा

पूर्ण माहीत आणि अजिबात माहीत नाही याच्या मधलं बरंच असतं. त्यासाठी ईडीटीएफ म्हणजे एक्स्टेंडेड डेट टाइम फॉरमॅट आहे, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पुढाकाराने तयार झाला आणि २०१९ साली आयएसओ ८६०१ च्या दुसऱ्या भागात घेतला गेला. त्यात खूप काही आहे, सगळं शिकायला जाऊ नका. आम्ही थोडंसं उचललं आणि आजवर त्यात भागलंय.

साल बहुतेक हेच पण खात्री नाही, म्हणजे कुणीतरी सांगितलंय पण पुरावा नाही, तिथे मागे प्रश्नचिन्ह: १९४७? साल अंदाजे, म्हणजे आगेमागे असू शकेल, तिथे लाटेसारखी खूण: १९४७~ आणि दोन्ही एकदम असेल तर टक्क्याची खूण: १९४७% प्रश्नचिन्ह आणि लाट यांतला फरक लोकांना चटकन कळत नाही म्हणून मी असं सांगतो, आत्या म्हणाली की हा फोटो सत्तेचाळीसचाच, पण आत्याचा भरवसा नाही, ते प्रश्नचिन्ह. आपणच फोटोतल्या मोटारी आणि साड्या बघून म्हणालो की असेल सत्तेचाळीसच्या सुमाराचा, ती लाट. दशक माहीत पण साल नाही, तर शेवटच्या आकड्याच्या जागी इंग्रजी मोठा एक्स, म्हणजे १९३ आणि पुढे एक्स. शतकच फक्त माहीत असेल तर १९ आणि पुढे दोन एक्स.

काहीच माहीत नसेल तर खानं रिकामं. 'माहीत नाही', 'ना.', 'शून्य शून्य', डॅश, यातलं काहीही नको. कारण रिकामं शोधता येतं, पाच प्रकारची नकारघंटा शोधता येत नाही.

पासून-पर्यंत, आणि एक भयंकर सापळा

संस्थांचे अहवाल सन १९१०-११ असे असतात. हे जसंच्या तसं मशीनच्या कॉलममध्ये गेलं की मशीन त्याला नोव्हेंबर १९१० समजतं. समजणारच, कारण वर्ष-महिना असाच तर फॉरमॅट ठरवला ना आपण. आणि गंमत म्हणजे १९१२-१३ ला ते अडखळतं, तेरावा महिना नसतो म्हणून, त्यामुळे चूक १९००-०१ ते १९११-१२ या अहवालांत लपून राहते आणि नंतरचे बहुतेक एरर दाखवतात. आमच्याकडे एका शाळेचे बारा अहवाल असे महिन्यांत जाऊन बसले होते. उपाय सोपा आहे, कालावधी असेल तर मध्ये तिरकी रेघ आणि दोन्हीकडे पूर्ण साल: १९१०/१९११. वर्ष एप्रिल ते मार्च होतं हे आतल्या हिशोबावरून कळत असेल तर १९१०-०४/१९११-०३. जोडअंकाला १९५४-०१/१९५४-०२. अजून चालू असलेल्या मासिकाला शेवटी दोन टिंबं: १९८५/..

दिवाळी अंकाला मात्र आम्ही मशीनच्या कॉलममध्ये नुसतं साल ठेवतो. दिवाळी कधी ऑक्टोबरात कधी नोव्हेंबरात, आणि अंक तर त्याच्याही आधी बाजारात. ईडीटीएफमध्ये ऋतूंचे आकडे आहेत, २१ वसंत ते २४ हिवाळा असे चार, पण त्यात पावसाळाच नाही, मग आपल्या काय कामाचे. 'दिवाळी' हा शब्द पहिल्या कॉलममध्ये असतोच.

तिरकी रेघ म्हणजे तेवढा काळ चाललेलं काम. 'या काळातला कुठलातरी एक दिवस' हे वेगळं, त्याला चौकोनी कंस. वही १९२० ते १९२५ लिहिली जात होती, तर १९२०/१९२५. पत्र एकाच दिवशी लिहिलं पण तो दिवस या पाच-सहा वर्षांतला कुठलाही, तर [१९२०..१९२५]. हे आमच्यातल्या पोराने तीनदा चुकवलं आणि मी चारदा.

कंस, लाटा वगैरे आल्या की वर म्हटलेला क्रम लावायचा फायदा थोडा बिघडतो, कारण कंसाने सुरू होणाऱ्या नोंदी वेगळ्याच जागी पडतात. म्हणून एक तिसरा अगदी छोटा कॉलम ठेवलाय, नुसतं चार आकडी सुरुवातीचं साल, फक्त क्रम लावायला. वाचकाला तो दाखवायचा नाही.

शके, सुहूर आणि बाकी मंडळी

पुण्यात जुने कागद हाताळायचे म्हणजे हे टळत नाही. शक्यात ७८ मिळवा असं सगळ्यांना माहीत असतं आणि तिथेच घोटाळा होतो. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८, पण १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. ७८ मिळवलेत तर १६२९ येतं, चूक, फाल्गुन आहे म्हणून ७९ आणि १६३०. पानिपत शके १६८२ पौष शुद्ध अष्टमी, तिथेही ७९ मिळवून १७६१, १४ जानेवारी. पौष तर अजून त्रासदायक, त्याचे काही दिवस डिसेंबरात आणि काही जानेवारीत पडतात, तिथे जंत्री उघडल्याशिवाय सालसुद्धा लिहू नका.

फक्त 'शके १८३२' असेल, महिना नसेल, तर ते १९१० किंवा १९११, म्हणून [१९१०,१९११]. पुस्तकाच्या पहिल्या पानावर बऱ्याचदा खाली सनही दिलेला असतो, तो असेल तर प्रश्न मिटला.

साल बरोबर वाचलंय का ते तपासायला संवत्सराचं नाव फार उपयोगी पडतं आणि याकडे कुणी बघत नाही. शक्यात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या यादीतला नंबर, बाकी शून्य आली तर साठावा. १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३, बाकी ३, तिसरं नाव शुक्ल, आणि जन्माच्या नोंदीत शुक्ल संवत्सरच आहे. १६८२ ला बाकी १४ येते, विक्रम. मोडीतला एखादा आकडा पुसट असेल आणि नाव जुळत नसेल तर आकडा परत वाचा.

पेशवाईतल्या पत्रांत सुहूर सन अरबी अंकांच्या शब्दांत असतो, इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. हा सन मृगाच्या सुमारास बदलतो. तिथून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारीत म्हणून ११६१ अधिक ६००, झाले १७६१, शक्याच्या हिशोबाशी बरोबर जुळतं. दोन वेगळ्या सनांवरून एकच साल आलं की मग मी निवांत झोपतो. दख्खनी फसली या महसुली सनाचा फरक ५९० किंवा ५९१ चा.

सरकारी राष्ट्रीय सौर दिनदर्शिका हे अजून वेगळं प्रकरण, ती २२ मार्च १९५७ ला १ चैत्र १८७९ म्हणून सुरू झाली. महिन्यांची नावं तीच, वर्ष शकाचंच, पण दिवस सूर्याचे आणि ठरलेले, तिथीशी संबंध नाही. १२ जुलै १९६१ हा तिच्यात २१ आषाढ १८८३. १९५७ नंतरच्या सरकारी कागदावर 'शुद्ध-वद्य' नसलेला आषाढ दिसला तर आधी ही शंका घ्या.

आणि फार जुनं काही असेल तर ज्युलियन-ग्रेगोरियन, म्हणजे जुनं आणि आत्ताचं इंग्रजी कॅलेंडर, बघावंच लागतं. इंग्रजांनी कॅलेंडर बदललं सप्टेंबर १७५२ मध्ये, २ तारखेनंतर एकदम १४. त्याआधी त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून कंपनीच्या वखारीतल्या पत्रावर फेब्रुवारी १६७४ असेल तर आपल्या हिशोबाने ते १६७५ असू शकतं, काही जण १६७४/७५ असं दोन्ही लिहायचे, आणि ती तिरकी रेघ म्हणजे कालावधी नाही बरं का. आयएसओ सगळीकडे ग्रेगोरियनच धरतो, मागच्या काळातही. आपण शिवजयंतीला धरतो ती १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन आहे, ग्रेगोरियनमध्ये तो दिवस १ मार्च १६३०. मग मशीनच्या कॉलममध्ये काय लिहायचं? काटेकोर नियम सांगतो १६३०-०३-०१. आम्ही तसंच लिहितो आणि शेरा टाकतो, 'मूळ ज्युलियन १९ फेब्रुवारी'. तुमच्याकडे असं एखादंच काही असेल तर दोन्हीपैकी काहीही करा पण शेरा टाका आणि सगळ्यांनी एकच करा.

एक्सेलला लगाम

एक्सेलला तारीख दिसली की त्याचे हात शिवशिवतात. म्हणून टाइप करायच्या आधी, नंतर नाही, तो कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. गूगल शीट्समध्ये 'प्लेन टेक्स्ट'. कुणाकडून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेली मजकुराची फाइल, आली तर डबल क्लिक करून उघडू नका, रिकामी शीट उघडून डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट' ने आत घ्या आणि तारखेचा कॉलम टेक्स्ट आहे असं सांगा. लिब्रेऑफिस उघडतानाच विचारतं, त्या बाबतीत ते शहाणं.

हे का, तर एक्सेलची तारीख १ जानेवारी १९०० पासून सुरू होते, त्याआधीचं त्याला तारीख म्हणून कळतच नाही. केसरीचा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, तो नुसता मजकूर म्हणून पडून राहतो आणि १९०० नंतरचे अंक तारखा होतात, मग एकाच कॉलममध्ये दोन जाती. शिवाय दोन आकडी साल टाकलंत तर अंदाज ते लावतं: नेहमीच्या सेटिंगला ६१ म्हणजे १९६१ पण २६ म्हणजे २०२६, आणि ही सीमा मशीनच्या सेटिंगप्रमाणे बदलते. १९२६ चं हस्तलिखित मासिक २०२६ चं झालेलं आम्ही पाहिलंय.

अमेरिकन सेटिंगचा खरा धोका असा की ते सगळ्या तारखा बिघडवत नाही. १५/८/१९३२ ला पंधरावा महिना नसतो म्हणून ते तसंच सोडून देतं, आणि ५/८/१९३२ ला गुपचूप ८ मे करतं. म्हणजे वर्षातल्या १३२ तारखा अशा की दिवस-महिना उलटला तरी तारीख वैध दिसते, बारा गुणिले बारा वजा एक-एक, दोन-दोन असल्या बारा. आधीच बिघडलेली शीट हातात आली असेल तर याच नोंदी वेगळ्या काढा, बाकीच्यांना हात लावायची गरज नाही.

त्या कशा सोडवायच्या? वार. वस्तूवर वार लिहिलेला असेल तर दोन्ही तारखांचे वार काढा. केसरीच्या त्या अंकाचा वार मंगळवार, ४ जानेवारी मंगळवारीच येतो, उलटून १ एप्रिल १८८१ केलात तर शुक्रवार. वार नसेल तर दाखल रजिस्टरमधली आजूबाजूची नोंद बघा, आधीची जुलैची आणि नंतरची जुलैची असेल तर मधली डिसेंबरची कशी असेल. तेही नसेल तर नुसतं साल ठेवा आणि शेरा लिहा. अख्ख्या कॉलमवर फाइंड-रिप्लेस फिरवायचा मोह होतो, करू नका, आणि केलंच तर आधी फाइलची कॉपी.

कागद आणि चाचणी

सगळं ठरलं की एका पानावर लिहा. एकाच. दोन पानं झाली की कुणी वाचत नाही. डावीकडे 'वस्तूवर असं असेल', उजवीकडे 'मशीनमध्ये असं लिहा', संग्रहातलीच वीसेक उदाहरणं, पाठ्यपुस्तकी नकोत. वर कागदाची स्वतःची तारीख, त्याच फॉरमॅटमध्ये, म्हणजे पुढे नियम बदलला तर कुठला कागद नवा ते कळेल. आमच्या पहिल्या कागदावर तारीख काकांनी त्यांच्या पद्धतीने टाकली होती, तो जपून ठेवलाय.

मग पन्नास वस्तू दोघांना वेगवेगळ्या द्या, एकमेकांचं न बघता तारखा भरायला सांगा आणि जुळवून बघा. जिथे दोघांचं वेगळं आलं तिथे माणूस चुकला असं धरू नका, बहुतेक वेळा कागदच मुका असतो. आमच्यात सगळ्यात जास्त फरक प्रश्नचिन्ह आणि लाट यात आला, मग आत्याचं उदाहरण कागदावर गेलं. दुसऱ्या फेरीत फरक बराच कमी झाला, तेव्हाच मागच्या नोंदी सुधारायला घेतल्या. स्कॅनच्या फाइलींची नावंही याच तारखेने सुरू करा, फोल्डर आपोआप लागतो, फक्त तिरकी रेघ आणि प्रश्नचिन्ह फाइलच्या नावात चालत नाही, तिथे नुसतं साल.

पुराच्या अल्बमचं शेवटी असं झालं. चिखल आणि पडलेले वाडे असलेल्या बऱ्याच फोटोंमागे फक्त 'पुरानंतर' लिहिलं होतं. पहिल्या कॉलममध्ये 'पुरानंतर'. एका फोटोच्या मागे स्टुडिओचा डिसेंबर एकसष्टचा शिक्का निघाला, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा पण पुराच्या आधीचा नाही, म्हणून [१९६१-०७-१२..१९६१-१२-३१]. आणि ज्यांच्यावर १२/७/६१ लिहिलंय ते १९६१-०७-१२. त्यातल्या दोन फोटोंत रस्ता कोरडा दिसतोय आणि लोक सावकाश ढिगारे उपसताहेत, म्हणून आजोबांचं म्हणणं आहे की हे त्या दिवशीचे नसणारच, अल्बमवाल्याने सगळ्यांवर एकच तारीख टाकली असणार. म्हणून त्या दोघांच्या मागे प्रश्नचिन्ह लावलंय, शेऱ्यात आजोबांचं म्हणणं लिहिलंय, आणि काका पुढच्या शनिवारी भिंग घेऊन येणार आहेत.